दुरुस्ती

उदगीरच्या किल्ल्यात, जिथं पूर्वी तोफ होती,
तिथं आता साम्राज्याचा भोंगा आहे.
तीनशे गावांत त्याचे कर्णे.
भोंग्यानं काय बोलायचं ते मी लिहितो.
बावीस वर्षं झाली. माघारीला मी 'फेरमांडणी' म्हणतो,
उपासमारीला 'शिस्त',
आणि शनीच्या चंद्रांवर राहणाऱ्या माणसांना
माणसं सोडून काहीही.

युद्धाची यानं उठतात निलंग्याच्या माळावरून.
जमीन थरथरते, पत्रे वाजतात,
आणि किल्लारीच्या लोकांची पणतवंडं,
ज्यांनी भूकंप पाहिलेलाही नाही,
हातातली भाकर हातातच धरून
दाराबाहेर येऊन उभी राहतात.
त्याला मी 'मानवंदना' लिहिलं होतं.
वरून शाबासकी आली.

नीलगंगा बिराजदार, साम्राज्याच्या वकील
(जुन्या अर्थानं, दरबाराच्या),
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तहाची बोलणी करायला वर गेल्या.
त्याच रात्री खात्यानं मला त्यांचा मृत्युलेख मागितला.
शत्रूनं दगा केला, भर बैठकीत.
तारीख मोकळी सोडा, म्हणाले.
मी चांगला लिहिला. खोटं कशाला सांगू,
लिहिताना माझेच डोळे भरले.

आणि काल दुपारी, करडई काढणीच्या उन्हात,
त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या.
पायांवर काळी धूळ, नाकाशी हवेच्या नळीचा वण,
कापडी पिशवीत तह. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा.

मी पाणी दिलं. पेला त्यांनी आधी उजेडात धरून पाहिला.
वर सवय लागली असणार.
"माझ्यावर लिहिलंय ते दाखवा."
"तुम्हाला कुणी सांगितलं?"
"मास्तर, तीस वर्षं वकिली केली.
निरोपाचा हार जरा जास्तच जड होता."

सातबारा वाचावा तसं त्यांनी वाचलं,
बोट ओळीखाली ठेवून.
'वीरकन्या'पाशी हसल्या. साठी उलटली की हो माझी.
मग, राहू दे, म्हणाल्या.
मी पिशवीकडे पाहिलं. याचं काय?
"तुमच्या खात्यात दिला तर राख. नाही दिला तरी राख.
ते सोडा. एवढं एक दुरुस्त करा,
गाव चुकलंय. औसा नव्हे. औराद. औराद शहाजानी.
माणसाच्या मरणात गाव तरी खरं असावं."

मी औसा खोडलं, औराद केलं.
खात्यानं शिक्का मारला.
गावाच्या नावाला कोण हरकत घेतो?

त्या जिना उतरल्या. खाली गाडी उभी होती,
खात्याचीच. दार त्यांनी स्वतः उघडलं.

सात वाजता भोंगा बोलला:
औराद शहाजानीच्या वीरकन्या, वकील नीलगंगा बिराजदार,
अकरा दिवसांपूर्वी शत्रूच्या चंद्रावर...

साडेनऊला फोन. औरादहून. हाटेलवाला कल्लप्पा,
बोलणं अर्धं कानडी, अर्धं आपलं.
"साहेब, बाई मेल्या म्हणून अकरा दिवस झालं म्हणलालाव.
आज सकाळी माझ्याकडं सुशीला खाऊन गेल्या की.
पैसे बी दिल्या.
स्टँडवर शंभर माणूस होतं, बाकड्यावर उभं राहून
कागद वाचल्या, आधी आपल्यात, मग कानडीत.
लढाई सरली म्हणल्या.
मग तुम्ही हे काय सांगूलालाव?"

बावीस वर्षांत भोंग्याला
कुणी उलटा प्रश्न विचारला नव्हता.
मी फोन कानाला धरून बसलो.
तिकडं कपबशा वाजत होत्या, आणि बरीच माणसं
गप्प उभी असल्याचा आवाज.

आज सकाळी यान उठलं नाही.
पत्रे वाजले नाहीत, जमीन जागची हलली नाही,
तरी निलंग्यापासून इथवर
लोक दाराबाहेर येऊन उभे आहेत.
हातात भाकर नाही.

याला काय म्हणायचं, खातं विचारतंय.
बारापर्यंत खुलासा हवा.
कागद पुढ्यात आहे.
त्यावर आतापर्यंत एकच शब्द लिहून झालाय,
गावाचं नाव.
ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासून.