मागच्या रांगेपर्यंत

निवतीच्या रापणीचा फोटो दरवर्षी एकच:
बाहात्तर माणसं, चार रांगा, मागे समुद्र.
समुद्र हवाच, असं सेक्रेटरी ल्हानू मेतरचं म्हणणं.
"समुद्र नाय तर आमी कोण? लग्नाचे वऱ्हाडी?"
आणि जाळं ओढून होईस्तोवर पाच वाजतात,
सूर्य त्यांच्या पाठीशी,
माझ्या डोळ्यांत.

गेल्या साली कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश होता,
वाढदिवसाच्या केकला पुरतो तेवढा.
पहिली रांग पिठासारखी पांढरी,
दुसरी बरी,
चौथीत डोकी होती, चेहरे नव्हते.
फिलोमिना फर्नांडिस फोटो उन्हात धरून म्हणाली,
"ह्यातलो माझो घोव खंयचो?
टोपयेवरसून ओळखूचो?"
पैसे मात्र तिने पूर्ण दिले.
ते मला लागले.

कोल्हापूरच्या दुकानात मुलगा आकडे वाचत होता.
दोनशे वॅट-सेकंद, हलका, पिशवीत मावतो.
सहाशे, बॅटरीसकट तीन किलो.
मी विचारलं, वाऱ्यात स्टँड उभा राहील?
खाऱ्या हवेत टोकं हिरवी पडतील?
स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये बसेल?
तो म्हणाला, सर, गाइड नंबर बघा.

मी मनात वाळूवर पावलं मोजत होतो.
अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो,
यात घासाघीस चालत नाही.
जवळ ठेवलेल्या दिव्याला पुढचेच लाडके.
मागे न्यावा, उंच चढवावा,
मग त्याला पहिली रांग आणि चौथी
जवळजवळ सारख्याच लांब.
पण एवढ्या लांबून हाक मारायची
तर छाती तशी हवी.
सहाशे घेतला. अडतीस हजार.
साठ रुपयाला एक प्रत, बाहात्तर प्रती:
नऊ वर्षं,
कुणी मेलं नाही तर.

आठवडाभर रात्री किनाऱ्यावर जाऊन
वाळूत काठ्या रोवल्या, चार ओळींत,
प्रत्येकीवर एक करवंटी पालथी.
फ्लॅश उडाला की करवंट्यांना
क्षणभर कपाळं यायची.
गस्तीचा पोलीस एकदा थांबून बघून गेला.
बोलला काही नाही,
फक्त मोटरसायकल जरा घाईने सुरू केली.

परवा फोटो काढला.
स्टँडच्या पायाला ओल्या वाळूची गोणी बांधली,
दिवा तेरा पावलं मागे नेला.
"हलू नका," म्हटलं.
उजेड गेला चौथ्या रांगेपर्यंत,
पास्कू फर्नांडिसच्या टोपीखाली शिरला,
पलीकडे होडीवरचं नावही वाचून आला.
मी खूश.
मग पडद्यावर मोठं करून पाहिलं.
एकोणतीस जणांचे डोळे मिटलेले.
लख्ख, सारखे उजळलेले, आणि मिटलेले.

दिव्याला पुन्हा दम भरायला दीड सेकंद लागतो,
बाहात्तर माणसांना पांगायला एकच पुरतो.
कोणी डोळे चोळत, कोणी शिव्या देत,
कोणी वाळूत बसून हसत,
तेवढ्यात वाटे घालायची हाळी आली.
संपलं.

डाव्या कडेला, रांगेबाहेर,
टोपल्या पुढ्यात ठेवून
सात बायका खोळंबल्या होत्या.
त्यांना कुणी "इकडे बघा" म्हटलं नव्हतं.
साती जणींचे डोळे उघडे.
फिलोमिना चौथ्या रांगेकडे बघत होती,
बांगडे मोजताना बघतात तसं.
उजेड तिथवर पोचला होता,
बोलावणं पोचलं नव्हतं.

ल्हानू म्हणाला, "त्यो कडेच्यो बायलो काप."
कापतो, म्हटलं.
घरी येऊन कडेवर रेघ ठेवली,
उचलली,
पुन्हा ठेवली. चहा गार झाला.

शेवटी छापल्या एकोणऐंशी.
वरच्या सातांचे पैसे कुणाकडे मागायचे
ते अजून ठरलेलं नाही.