डाव्या हाताचा मळ

अकराव्या भागात गेंगाकुचा उजवा हात
मनगटापासून तुटून नदीत पडला.
बाराव्यात तोच गेंगाकु, डाव्या हातात तलवार,
पुलावर, भर बर्फात, सात जणांना लोळवतो.

एवढ्यावरून शुक्रवारी माझ्या दुकानात
दोन वाडगे रामेन गार झालं.
आसाहिकावात रश्श्यावर चरबीचा जाड थर असतो,
बाहेर उणे अठरा असलं तरी वाफ धरून ठेवतो.
तरी झालं.

कुनिहिरो लेथवर खुर्च्यांचे पाय कातणारा.
म्हणाला, "पटत नाही.
एक पारडं काढलं की तराजू तराजू राहत नाही.
हा तर गिरकी घेतोय, उडी मारतोय, वर हसतोय."
"दुष्ट आहे तो," मिझुहो म्हणाली, "रागावर चालतो."
"राग म्हणजे काय रॉकेल?"
"खुर्चीचा एक हात काप. पडते का खुर्ची?"
"खुर्ची तलवार चालवत नाही."

मग त्यानं काड्या डाव्या हातात घेतल्या,
पुराव्यादाखल,
आणि बांबूच्या कोंबाची एक फोड उचलली.
ती मिझुहोच्या मफलरवर पडली.
"बघ!"
"तू दुष्ट कुठे आहेस? नुसता वेंधळा."
तिनं कागदी रुमालावर पूल काढला.
कठडा इथे, कठडा इथे,
मध्ये जेमतेम दीड माणूस.
"सात जण म्हणजे सात वेळा एक जण.
हा तर त्याच्या डाव्या हाताचा मळ."

बोलली, आणि तिनं जीभ चावली.
कोपऱ्यात, हीटरपाशी, तात्सुझो बसले होते.
लाकडाच्या गिरणीत पट्ट्याच्या करवतीनं
त्यांचा उजवा हात नेला
त्याला एकतीस हिवाळे झाले.
कोटाची ती बाही
बायको होती तोवर टाचणीनं दुमडून द्यायची.
आता ते रबरबँड लावतात.

"मागे घे ते," म्हणाले.
मी रिमोट शोधला, पिठाच्या डब्यामागे सापडला.
तीनदा बघितलं, आवाज बंद करून.
सात जण तीनदा पडले.

"लढाई ठीक आहे," तात्सुझो म्हणाले.
"हातघाईवर आलं की माणूस भानावर असतो.
पुढचं खोटं आहे."

पुढे काय होतं, आम्हा तिघांनाही आठवेना.
पुढे काहीच होत नाही:
गेंगाकु लाकडी ओट्यावर बसतो,
एक पोरगी चहा आणते,
तो पेला घेतो.

"सरळ डाव्यानं घेतो. बघ.
माझा दोन वर्षं आधी तोच जायचा, जो नाही तो.
पार पेल्यापर्यंत जायचा.
मग तिथे काही घडायचं नाही,
आणि घरातले सगळे खिडकीबाहेर बघायचे.
मग डावा निघायचा,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.
ह्याचा हात तर परवा तुटला."

नाणी मोजून ठेवली,
दार खांद्यानं ओढून नीट लावलं, गेले.
मी त्यांचा वाडगा उचलला.
चमचा डावीकडे होता.
मीच ठेवते तो तिथे.
कधीपासून, ते काही केल्या आठवेना.

मिझुहोनं पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला,
मध्येच थांबवला,
आपलाच आहे का असं पाहिलं,
मग ग्लास घेतला.

टीव्हीवर जाहिरात लागली, बर्फ उपसायच्या यंत्राची.
ती सबंध संपली.

"तरी," कुनिहिरो हळूच म्हणाला,
"सात जरा जास्तच होतात."
"पाच धर."
"पाच चालतील."

मी दोन्ही वाडगे आत नेले,
रस्सा पुन्हा गरम करायला.