मोतीबिंदू काढल्यावर

पायरी चढताना तिनं सवयीनं भिंत चाचपली,
मग हात मागे घेतला.
फेलिझमीना. वय एकोणऐंशी.
दोरू नदीच्या वरच्या अंगाहून, पिन्याँवच्या पहिल्या गाडीनं
पोर्तूत आलेली.
"डॉक्टरणीला द्यायचीय. डोळा केला तिनं माझा.
चांगली दाखव. विमानतळावर विकतात तसली नको."

माझे नेहमीचे प्रश्न : पिणार कधी, किती जण,
आणि पैसे?
साठ युरो. परतीचं तिकीट वेगळं ठेवून.

मी व्हिंटेज काढली, आडवी झोपलेली,
कुशीवर चुन्याचा फटकारा, वरची बाजू कळावी म्हणून.
हिला आदल्या रात्री उभी करायची,
गाळ बसू द्यायचा, मग हलक्या हातानं ओतायची,
आणि दोन दिवसांत संपवायची.
"एकटी राहते ती. दोन दिवसांत अख्खी बाटली?
मरेल पोर."

मग टॉनी. वीस वर्षं लाकडात मुरलेली.
बूच बोटांनी निघतं,
महिनाभर उघडी राहिली तरी रुसत नाही.
मागची चिठ्ठी वाच, म्हटलं, कोणत्या साली भरली ते असतं;
अलीकडची असेल तर बरी.

हात लांब करून तिनं वाचलं. मोठ्यानं.
साल वाचलं, मद्याचं प्रमाण वाचलं, तळघराचा पत्ता,
गरोदर बायकांनी पिऊ नये तेही वाचलं,
आणि माझ्याकडे पाहिलं,
शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या मुलीसारखं.

दोन पेल्यांत दोन-दोन घोट ओतले.
तिनं ते खिडकीशी नेले.
लाल पेल्याला म्हणाली, "हे माझे पाय.
सोळाव्या वर्षी द्राक्षं तुडवायचो आम्ही कुंडात;
आठवडाभर रंग जायचा नाही,
रविवारी चर्चमध्ये मी पाय बाकाखाली ओढून बसायची."

दुसऱ्या पेल्याशी बराच वेळ थांबली.
"आणि हे... दहा वर्षं सगळं असंच दिसायचं रे मला.
दूध असं. चादरी अशा.
नातीचा लग्नातला पांढरा झगा असाच पाहिला मी.
वाटायचं, जगच म्हातारं होतंय माझ्याबरोबर.
सोबत होती एक प्रकारची.
पट्टी सोडली तेव्हा नर्सचा निळा डगला बघून
ओरडलेच मी."

मग ठरलं तिचं.
"ही टॉनीच दे.
माझ्या डोळ्यातून काय काढलं
ते तिलाही कळू दे एकदा."

बाटली मी कागदात गुंडाळत होतो
तोवर तिनं दोन्ही पेले संपवले,
आधी तांबूस, मग लाल,
वाया का घालवायचं म्हणून.

उरलेले नऊ युरो दोनदा मोजले.
दारात वळून म्हणाली,
"दुकान पुसत जा. केवढी धूळ ही बाटल्यांवर!"

आता तिला कसं सांगू,
धूळ मी राखतो. धुळीमुळेच
गिऱ्हाईक पाच युरो जास्त देतं.