नाव नंतर कळवू

डिसेंबर. पहाटेचे चार. नळाला पाणी यायला अजून दीड तास,
तिकडे अजून कालचीच संध्याकाळ,
आणि आमच्या संघाने डावखुरा मॅकरीडी घेतला.
सात वर्षं. बावीस कोटी डॉलर.
रुपयांत गुणून बघितलं तर
दुकानातल्या दहा आकडी कॅलक्युलेटरने हात वर केले.

मृदुला कुशीवर वळून विचारते, "कोण गेलं?"
गेलं नाही कुणी. आलंय.
"मग झोप की."

आमचा संघ म्हणजे काय, तर
अठ्ठ्याण्णव साली जुन्या बाजारात, गंजक्या पान्यांच्या ढिगात
पंचवीस रुपयांना एक टोपी मिळाली, तिच्यावर एक अक्षर.
त्या अक्षराचं शहर कुठलं, ते मागाहून शोधलं.
लग्नही जवळजवळ असंच ठरलं होतं,
त्यामुळे तक्रार नाही.

पण मत आहे. ते ऐकून घ्या.
चौतिशीतला पिचर, कोपर एकदा उसवून शिवलेलं,
त्याच्याशी सात वर्षांचा करार म्हणजे
मे संपताना हापूसची पेटी घ्यायची
आणि वरचा थर बघून खूश व्हायचं.
खाली पेंढा असतो, साहेब.
पेंढ्याचेही पैसे पडतात.

आणि त्याला जागा करायला काढलं कुणाला?
तो बुटका सेकंड बेसमन,
नऊ धावांनी मागे असतानाही
आठव्या डावात पोटावर घसरत जाणारा.
त्याच्या बदल्यात एकोणीस वर्षांची दोन पोरं
आणि "एक खेळाडू, नाव नंतर कळवू".

हे वाक्य मी आधी ऐकलंय.

त्र्याण्णव साल. नाना पेठेतला आमचा क्लब,
शॉर्टस्टॉपला नझीर बागवान.
मार्केट यार्डात ट्रकवरून फेकलेली कलिंगडं झेलत मोठा झालेला,
त्याच्या हातून चेंडू सुटलेला मी पाहिला नाही.
खडकीच्या कारखान्याने त्याला मागितलं. कायम नोकरी, वर त्यांच्या संघात जागा.
धुमाळ सर म्हणाले, जा बाबा, पण फुकट नाही सोडणार.
ठरलं ते असं:
दोन ग्लोव्ह, कॅचरचा एक मास्क,
आणि पुढच्या मोसमात एक खेळाडू. नाव नंतर कळवू.

सामान पोचवायला कारखान्याने नझीरलाच पाठवलं.
सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून आणलं त्याने,
पायरीवर मांडलं, म्हणाला, "मोजून घ्या.
एवढ्याला गेलो मी."
आणि हसला. आम्हीही हसलो, काय करणार.

मास्क माझ्या वाट्याला आला.
आतल्या कातड्याला दुसऱ्याच कुणाच्या घामाचा वास होता,
तो ऊन दाखवून गेला नाही, डेटॉलनेही नाही.
जाळीतून शॉर्टस्टॉपची जागा दिसायची,
तिथे एक नवा मुलगा, चेंडू त्याच्या पायांतून जायचे,
आम्ही सगळे नझीरच्या नावाने हळहळायचो.
मीही.
पण त्याआधीच्या मोसमात माझे पुढचे दोन दात पडले होते.
मला मास्क हवा होता.
हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मृदुलालाही नाही.

तो खेळाडू काही आला नाही.
पुढच्या मोसमात नाही, त्याच्या पुढच्यात नाही,
मग कारखान्याचा संघ मोडला, मग आमचा,
मैदानावर आता मंगल कार्यालयाच्या गाड्या लागतात.

चार वाजून दहा मिनिटं. फोन थरथरतो.
नझीर. मार्चमध्ये निवृत्त झाला, त्यालाही झोप नाही.
"सात वर्षं? डोकं फिरलंय का यांचं?"
लगेच दुसरा मेसेज:
"आणि आपला बुटका? तो कितीला गेला?"

मी लिहितो, दोन पोरं आणि
मग खोडतो.
पुन्हा लिहितो, दोन पोरं.

बाथरूममध्ये रिकामा नळ एकदा खाकरतो.
पाणी नाही. नुसती हवा.