नऊ महिने नऊ दिवस

काल रात्री बसून हिशेब मांडला.
रोज चाळीस मिनिटं, साडेसत्तावीस वर्षं.
आजारपणात चुकलेले दिवस
शिबिरातल्या जादा बैठकांतून वळते करून घेतले.
मासळी-सोसायटीत जन्मभर खतावण्या लिहिल्यात मी,
अंदाजपंचे मला चालत नाही.
उत्तर आलं : नऊ महिने नऊ दिवस.
दोनदा ताडून पाहिलं.
एवढ्यात अख्खं माणूस तयार होतं,
नखांसकट.

वार्डोला नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य जातो
तो एकदम जानेवारीत उगवतो.
असल्याच एका अंधारात रांगवाल्ड परत आला,
जहाजावरचा आचारी,
ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा बंदरात
बोट महिनाभर अडकली तेव्हा शिकलेला.
जाळी सांधायच्या माडीवर त्याने आम्हा सात जणांना बसवलं,
डांबराच्या वासात, लोकरी मोज्यांवर मोजे चढवून.
म्हणाला, श्वास बघा.
कुणीतरी विचारलं, मग काय होईल?
म्हणाला, मग पुढचा.
तेव्हा ते फार खोल वाटलं होतं.
आता वाटतं, त्यालाही माहीत नसावं.

सातांतले उरलो दोघं.
दुसरा आर्नुल्फ, त्याला ऐकू येत नाही.
म्हणतो, शांतता मला कानांनी फुकटात दिली,
मी इथे येतो ते कॉफीसाठी.

रांगवाल्डला पुरल्यावर गुडवेग,
वॅफलवर साय वाढता वाढता, सहज म्हणाली :
शेवटचा महिनाभर रात्री दिवा मालवू देत नव्हता.
माझं मनगट धरून ठेवायचा.
घाबरला होता गं.
मी मान हलवली,
इतक्या वर्षांत कमावलेल्या त्या चेहऱ्याने.
आणि वॅफल खाल्लं. गरम होतं.
घरी येऊन मग किती तरी वेळ
कोटाची बटणंच काढली नाहीत.

आता सोल्फ्रिदचं.
बाबांची नावेची शेड, तिच्यामागचा हद्दीचा दगड,
तो हिवाळ्यात सरकला की कुणी सरकवला
यावरून अकरा वर्षं आम्ही बहिणी
एकमेकींना फक्त ख्रिसमसचं कार्ड पाठवतो.
गेल्या मंगळवारी ती दुकानात भेटली,
गोठवलेल्या वाटाण्यांपाशी,
आणि मी ओरडले.
असली ओरडले की गल्ल्यावरच्या पोराने
यंत्राचं पिकपिक थांबवलं.
ती, जी आयुष्यात एक मिनिट डोळे मिटून बसली नाही,
टीव्हीसमोरसुद्धा जिच्या सुया चालूच असतात,
तिने वाकून माझा पडलेला हातमोजा उचलला,
झटकला,
माझ्या पिशवीत ठेवला.
बोटाला भोक पडलंय, म्हणाली. दे कधीतरी.

तर घोडं कुठे पेंड खातं, रांगवाल्ड?

खर्चाची बाजू सोपी आहे :
डावा गुडघा. तीन उश्या.
मुलाच्या शाळेतलं एक नाटक,
कारण ते माझ्या बसायच्या वेळी होतं.
त्यात तो व्हेलमासा झाला होता
आणि अजून मला सांगतो, तू नव्हतीस.

जमेच्या बाजूला मात्र एकच गोष्ट सापडते
आणि तीही धड नाही.
ओरडण्याआधी, जेमतेम अर्धा श्वास आधी,
मला तो राग येताना दिसला होता.
स्वच्छ. बंदरात बोट शिरताना दिसते तसा,
कडेवरचं नाव वाचता येण्याइतका जवळ.
मला थांबता आलं असतं.
मी बघितला, ओळखला,
आणि धक्क्यावर जागा करून दिली.

पूर्वी नुसतीच ओरडायचे.
आता बघून ओरडते.

ही कमाई की वाढलेला गुन्हा, ठरत नाही.
आज सकाळी अंडी उकडायचं घड्याळ
नेहमीसारखं चाळीसवर फिरवलं
आणि उशीवर न बसता
खिडकीशी उभी राहिले, ते वाजेपर्यंत.
बाहेर कोणी तरी बर्फ ओढत होतं.

वहीत ती नोंद केली आहे.
रकाना सध्या जमेचाच.
पेन्सिलीने.