बोटभर वाळू

खल्फानने विचारलं, घरी घोडी ठेवायची तर जागा किती लागते?
बरक्याला, समुद्रापासून दोन मैलांवर त्याची वाडी.
खजुराची एकवीस झाडं,
त्यांतली सहा खाऱ्या पाण्याने शेंड्याकडून वाळलेली,
मागे भिंतीपर्यंत नुसती वाळू.
मी पावलांनी मोजलं. बारा बाय बाराचं ठाण,
वर पत्रा नको, पत्रा तापतो, झावळ्या घाल,
पंखा उंच, वायर तिच्या दातांच्या टप्प्याबाहेर.
मी मुळात वायरमन.
घोडी माझ्या व्हिसावर कुठेच लिहिलेली नाही.

पण सारंगखेड्याच्या बाजारात बाप
दलालाच्या हाताखाली घोड्यांचे ओठ वर करायचा,
दातांवरून वय सांगायचा,
आणि गिऱ्हाइकाला उगाच एक वाक्य फुकट द्यायचा:
घोडाले जागा कमी चालस, मानूस कमी चालत नही.
हे अरबीत सांगायला गेलो आणि निम्मं वाटेतच सांडलं.
खल्फान म्हणाला, बरं. मग माणूस तू.

नस्मा आली ती संध्याकाळी, ट्रकमधून मागे मागे उतरत,
कपाळावर बोट टेकवल्यासारखा पांढरा ठिपका.
पहिले तीन दिवस पंख्याला घाबरली,
चौथ्या दिवशी त्याच्याखालून हलेना.

विहिरीचं पाणी तिने हुंगून सोडलं. बरोबर होतं तिचं.
मग दर दोन दिवसांनी टँकर,
लसूणघासाच्या गाठी सोहारच्या बाजूने,
नाल ठोकणारा बलुची महिन्यातून एकदा, तोही मनात आलं तर.
जुलैत पहाटे चारला फिरवायची, सहाला आत,
दुपारी मान, छाती, मांड्यांवर पाणी,
पाणी निथळून काढायचं, पुन्हा पाणी.
खल्फानची शम्सा घोडीच्या कानात काहीतरी सांगायची,
मी विचारलं तर म्हणायची, तुझं नाव नाही घेतलं.

ऑगस्टच्या एका रात्री घास तसाच पडलेला.
नस्मा वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती
जणू तिथे कुणी हाक मारतंय.
पुढचे पाय दुमडले, बसायला लागली.
लोळली की आतडं पिळतं, एवढं बापाकडून माहीत होतं.
डॉक्टर सीबहून निघाला, दीड तास.
तोवर चालवा, म्हणाला.

मी आणि खल्फान, आळीपाळीने लगाम धरून, दोघेही अनवाणी,
खजुरांमधून भिंतीपर्यंत, भिंतीवरून परत,
त्याचा दिशदाशा घोट्यापर्यंत ओला,
माझ्या तोंडात आईने म्हटलेलं काहीबाही,
त्याच्या तोंडात दुआ, घोडीच्या तोंडात फक्त श्वास.
कुठल्या तरी फेरीत मला वाटलं, जागा एवढीच लागते:
रात्रभर वळता यावं, भिंत न लागता.

डॉक्टरने नाकातून नळी घातली, तेल सोडलं,
मग लीद पाण्यात कालवून बाटलीत हलवली
आणि खिडकीत ठेवली. आम्ही तिघं बघत बसलो.
गवताचा चोथा वर राहिला.
तळाशी वाळू, करड्या रंगाची, बोटभर.
मी जमिनीवर टाकलेला घास उचलताना
ती दोन वर्षं ही वाडी खात होती, चिमूट चिमूट.
खल्फान काही बोलला नाही.
मीही नाही. घास मीच टाकायचो.

इसबगोल द्या, डॉक्टर म्हणाला, दुकान उघडलं की.
मी खोलीत गेलो. बॅगेत माझंच पाकीट होतं,
कुबूस पचत नाही म्हणून बायकोने दिलेलं.
शम्साने गुळाऐवजी खजुरात कालवलं.
घोडीने खाल्लं, थोडं माझ्या बाहीवर पुसलं.

आता गव्हाण छातीइतकी उंच, खाली रबराची चटई,
आणि सांडलेली काडी मी दिवसातून पाचदा झाडतो,
खल्फान हसतो, म्हणतो, तुझी सहावी नमाज.
खिडकीतली बाटली कुणी हलवलेली नाही.
शेजारी तिची बहीण, दर शुक्रवारी नवी भरतो.
मध्यंतरी अर्धं बोट. मग नखाएवढी.
मागच्या शुक्रवारी पुन्हा जरा जास्त वाटली,
बाटली उजेडात धरली,
आणि झाडू घेऊन मागच्या भिंतीकडे गेलो.