दार लावून बघ

माझं काम ऐकण्याचं होतं.
कारखान्याच्या कागदांवर हुद्दा निराळा,
पण ड्राहोमीरा श्वेस्त्कोव्हा म्हणजे दारवाली,
हे भट्टीवरच्या पोरांनाही ठाऊक.

पहिल्या गाडीचं इंजिन मागे होतं.
पुढे नुसतं पोकळ नाक,
त्यात लोक बटाटे भरायचे,
हिवाळ्यात वाळूचं एक पोतं,
नाहीतर वळणावर शेपूट पुढे धावायचं.
दार लागायचं: खडांग.
जणू कुणी रागाने ताटली भिरकावली.
मी टिपण लिहिलं, चार ओळींचं.
वर्षाने उत्तर आलं:
पत्रा एवढाच मिळतो.

मग वरून हुकूम: इंजिन पुढे न्या.
तीन वर्षांत.
सांगणाऱ्याने बहुधा खुर्ची हलवायला सांगावं तसं सांगितलं असेल.
इंजिन पुढे म्हणजे गिअर पुढे, टाकी मागे,
साचे भंगारात,
आणि म्हाताऱ्या ओतारांना पुन्हा पाटी-पेन्सिल.
सात वर्षं लागली.

नमुन्याची गाडी रात्री ताडपत्री पांघरून निघायची,
येसेनिकच्या घाटात ती काढायची.
चाकावर राडोवान, शेजारी मी, मांडीवर वही.
दर दहा किलोमीटरला तो थांबायचा,
मी उतरून दार लावायची.
उणे एकोणीस. रबर दगड झालेलं.
'आता?'
'डबा.'
'आता?'
'अजून डबाच.'
सतराव्या की अठराव्या थांब्यावर
त्याने जे विचारलं ते दाराबद्दल नव्हतं.
मी म्हटलं, आधी रबर बदलू दे.

रबर बदललं.
गॅरेज आम्ही दोघांनीच बांधलं, रांगेतलं अकरावं,
गाडीचं माप घेऊन,
दोन्ही अंगांना एकेक वीत सोडून.
त्याहून जास्त कशाला लागेल?

त्या नोव्हेंबरात चौकात लोकांनी किल्ल्या वाजवल्या.
गाडीसाठी सहा-सहा वर्षं नाव लावून बसलेले,
त्यांनी घराच्या वाजवल्या.
हजारो किल्ल्या, आणि एकही दार नाही.
असा आवाज मी वहीत कुठे लिहिणार होते?

नंतर नवे मालक आले, सीमेपलीकडचे.
त्यांनी भिंतींना गादी लावलेली खोली बांधली,
खोलीत एक रबरी डोकं, कानांत माईक.
डोक्याने दोन महिने ऐकलं
आणि माझं जुनं टिपणच सांगितलं,
फक्त आलेख काढून.
पण पत्रा मिळाला. दुहेरी रबर मिळालं.
धप्प.
मळलेल्या कणकेचा गोळा फळीवर पडावा तसं.
मी घरी येऊन रडले. का, ते राडोवानलाही नीट सांगता आलं नाही.

पुढची चार बोटं रुंद निघाली,
तिच्या पुढची आणखी तीन.
तरी जाहिरातीत ती 'छोटी'च,
साठीतल्या धाकट्याला घरात धाकटाच म्हणतात तशी.
राडोवान आरसे मिटून आत घालायचा,
मग दार उघडेना म्हणून मागच्या काचेतून बाहेर सरपटायचा,
पासष्टाव्या वर्षी, शिव्या देत, हसत.
त्याच्या पुढची गाडी आली
तेव्हा तो नव्हता.
मावली नसतीच.
गॅरेजमध्ये आता वाळूत पुरलेली गाजरं आहेत
आणि भिंतीवर, त्याच्या हाताने, खडूने लिहिलेली मापं.

काल वाव्रिनेत्स नवी घेऊन आला.
बर्फात बाहेरच उभी केली.
इंजिन पुढेही नाही, मागेही नाही,
तळाशी कुठेतरी बॅटरी झोपलेली.
'आजी, हिला आवाजच नाही,' तो कौतुकाने म्हणाला.
मला तसाही कुठे ऐकू येतो?
कानातलं यंत्र थंडीत नुसतं शिट्ट्या मारतं.
मी ते काढून खिशात ठेवलं,
हातमोजा काढला,
तळवा टपावर टेकवला.
दार लावून बघ, म्हटलं.

त्याने लावलं.
पुन्हा लाव.
पुन्हा.

त्याचे ओठ हलले, बहुतेक 'आता?' म्हणाला.
डावीकडचं रबर, मी सांगितलं,
खालच्या कोपऱ्यात जरा कडक आहे.